चाळीसवर अडकलेला काटा

वाशीमला बदलून आल्यावर पहिल्याच आठवड्यात मोरीतला नळ गळायला लागला, म्हणून मी घरमालकांकडे तक्रार घेऊन गेले. त्यांनी मला तारीख दिली.

थट्टा करत नाही. ओसरीवरच्या खाटेवर बसून, चष्मा कपाळावर सरकवून त्यांनी माझं म्हणणं शांतपणे ऐकून घेतलं. नळ दिवसा गळतो की रात्रीही, हे विचारलं. "गळते याले पुरावा काय?" असंही विचारलं. मी भिजलेला पदर पुढे केला तेव्हा समाधानानं मान हलवली आणि म्हणाले, "ठीक हाये. येत्या बुधवारी ठेवू." बुधवारी आठवण केली तर म्हणाले, "आज नळवाला गैरहजर हाये. पुढची तारीख घ्या." असा तो नळ पोळ्यापासून दिवाळीपर्यंत गळला. शेवटी त्यांच्या बायकोनं, म्हणजे काकूंनी, गुपचूप चिंधी आणि सुतळी बांधून त्याचं तोंड बंद केलं, तेव्हा प्रकरण आपसात मिटलं असं जाहीर करून काका मोकळे झाले.

काका कोर्टात बेलिफ होते. समन्स बजावायचे, जप्तीच्या वेळी दारात उभं राहायचं, पंच गोळा करायचे, यात त्यांची सगळी नोकरी गेली. निवृत्त झाल्यावर कोर्ट सुटलं, पण कोर्टाची रीत त्यांनी घरी आणली. गल्लीत त्यांना नावानं कोणी ओळखत नसे, लहानथोरांचे ते बेलिफसाहेब. मी काका म्हणू लागले, कारण काकू पहिल्याच दिवशी भाकरी आणि ठेचा घेऊन आल्या आणि काकू होऊन बसल्या.

कुणाच्याही दारावर ते तीन थापा मारत आणि दोन पावलं मागं सरून उभे राहत. दार उघडणारा हातात काय घेऊन बाहेर येईल याचा भरवसा नसतो, असं ते सांगत. जेवताना म्हणत, "डाळीत मीठ कमी असल्याचा आमचा आरोप हाये." काकू म्हणत, "शाबित करा," आणि मिठाचं भांडं त्यांच्यापुढे आदळत. दूधवाला त्यांच्या गल्लीत शिरायला भीत असे. साक्षीदारांबद्दल तर त्यांचं स्वतःचं शास्त्रच होतं. "मॅडम, खोटा साक्षीदार लवकर उत्तर देते. खरा मानूस आधी जरासा आठवते," हे त्यांनी मला किती वेळा ऐकवलं असेल. मी शाळेत ही युक्ती वापरून पाहिली. गृहपाठ केला का म्हटलं की खरंच, न केलेली पोरंच आधी ओरडत.

ही सगळी गंमत मी अजून लोकांना सांगते, आणि लोक हसतातही. पण तारखा देणाऱ्या माणसाबद्दल नुसतं हसून थांबता येत नाही, निदान मला येत नाही.

काकांच्या घरी एक पांढरी अँबॅसिडर होती. कुठल्याशा सरकारी हापिसानं भंगारात काढलेली, काकांनी लिलावात घेतलेली. ती चालवायचा त्यांचा एकुलता एक मुलगा, गोपाल. लग्नाची वऱ्हाडं, दवाखान्याचे पेशंट, माहेरवाशिणी, जे मिळेल ते भाडं तो घेई. भाडं म्हणायचं, पण अर्ध्या लोकांना तो तसाच सोडून येई. नाही म्हणणं त्याच्या तोंडाला येतच नसे. काकू रागावत, पण त्या रागात दमच नसे.

त्या गाडीच्या वेग दाखवणाऱ्या मीटरची केबल तुटली. ही केबल म्हणजे एका काळ्या नळीत घातलेली पिळाची तार. तिचं एक टोक खाली गिअरबॉक्समध्ये, दुसरं वर मीटरच्या पाठीमागे. चाकं फिरली की तार फिरते, आणि तार फिरली की काटा हलतो. तार तुटल्यावर काटा खरं तर शून्यावर पडायला हवा. पण गाडीसारखं मीटरही म्हातारं. काटा चाळीसवर अडकला तो अडकलाच. मी परीक्षेच्या कामाला आसेगावला जात होते तेव्हा गोपालनं मला सोडलं होतं. वाटेत शेळ्यांचा कळप आडवा आला म्हणून गाडी उभी होती. काट्याकडे बोट दाखवून तो म्हणाला, "पाहा मॅडम, आपली गाडी उभी राहूनबी चाळीसनं पळते." आम्ही दोघं हसलो.

काकांनी अकोल्याहून नवी केबल मागवली होती. पण ती मेकॅनिकच्या हातात द्यायला ते तयार नव्हते. मेकॅनिक लोक घाईत केबल वाकवतात, वाकली की तार आत घासते आणि काटा थरथरतो, आपण स्वतः बसवू, असं त्यांचं म्हणणं. म्हणून ती केबल ओसरीवरच्या खिळ्याला वेटोळं करून टांगली, आणि तिला तारखा पडत गेल्या. एका रविवारी पाहुणे आले. एका रविवारी पान्हा सापडला नाही. एकदा गोपालच म्हणाला, "बाबा, मीच बसवतो न, पाच मिनिटाचं काम हाये." काका म्हणाले, "तू हात नको लावू. येत्या रविवारी ठेवू." मी तिथेच माझे पापड उन्हात घालत होते. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही. त्या घरात सगळ्यालाच तारखा पडत.

रिठद हे काकूंचं माहेर. तुरी उभ्या होत्या त्या दिवसांत गोपाल एक भाडं सोडायला तिकडे गेला आणि मामाकडे मुक्कामी राहिला. पहाटे मामाच्या शेजारच्या गजाननची बायको बाळंतपणात अडली. फोन केला तर रुग्णवाहिका दुसऱ्याच गावाला गेलेली. दारात अँबॅसिडर उभी होती. मामा सांगत होता, गोपालनं चूळसुद्धा भरली नाही. बायकोला घेऊन गजानन मागं बसला, पुढं गोपाल एकटा, आणि गाडी वाशीमकडे निघाली. नाल्याच्या पुलाअलीकडे तुरीतून एक रोही, म्हणजे नीलगाय, रस्त्यावर आली. गाडी पुलाच्या कठड्यावर आदळून खाली गेली. गोपाल जागीच गेला. ती बाई आणि तिच्या पोटातलं बाळ दवाखान्यात पोचायच्या आत गेलं. गजानन वाचला, पण एक पाय कामातून गेला.

दवाखान्यात काकांनी मुलाचा चेहरा पाहिला आणि हा माझाच असं सांगितलं. दुसऱ्या दिवशी, सगळं उरकल्यावर, ट्रॅक्टरनं ओढून आणलेली गाडी पाहायला ते पोलीस ठाण्यावर गेले. कुणीतरी सोबत असावं म्हणून मी गेले. गाडीचा पुढचा भाग चेपलेला होता, काच नव्हती. काका वाकून आत बघत राहिले. त्यांना धरावं म्हणून मी जवळ गेले, तर ते म्हणाले, "मॅडम, काटा पाहा. चाळीस."

मुलगा गेल्यापासून त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं हे पहिलं धड वाक्य.

त्यानंतर जे झालं ते असं. गजाननानं पोलिसांना जबाब दिला, की मी हळू चालव म्हणत होतो, गोपालनं ऐकलं नाही, गाडी सुसाट सोडली. रिठदमध्ये तेच सगळ्यांच्या तोंडी झालं. बेलिफाच्या पोरानं आमची सून मारली. पंचनाम्यात मात्र पोलिसांनी काटा चाळीसवर असल्याचं लिहिलं होतं, आणि काकांनी ते धरून ठेवलं. त्यांना वाटत होतं, आता कोर्टात केस उभी राहील, गजाननाची उलटतपासणी होईल, काटा पुढे येईल आणि निकाल लागेल. पण गाडी चालवणाराच मेला होता. मेलेल्या माणसावर खटला चालत नाही, म्हणून कागद बंद झाले. जन्मभर दुसऱ्यांच्या दारात निकाल पोचवणाऱ्या माणसाला स्वतःच्या मुलाबद्दल एक निकाल मिळेना. गोपाल निर्दोष होता, एवढंच त्यांना कुणाकडून तरी ऐकायचं होतं.

मग त्यांनी अंगणातच कोर्ट भरवलं.

गाडी सोडवून आणून त्यांनी ती लिंबाखाली उभी केली आणि तिच्यावर ताडपत्री टाकली. घरी येईल त्याला ते तिकडे नेत. पोस्टमन, लशीची बाई, माझ्या वर्गातल्या पोरांचे आईबाप, कुणीही सुटत नसे. ताडपत्री उचलत आणि म्हणत, "वाचा. मोठ्यानं वाचा." तो माणूस घाबरून म्हणे, "चाळीस." काका म्हणत, "ध्यानात ठेवजा." आठवडी बाजाराच्या दिवशी ते रस्त्याच्या तोंडाशी उभे राहून रिठदची माणसं हेरत आणि गजाननाला निरोप देत, येऊन काटा पाहून जा. हळूहळू लोक आमची गल्ली टाळू लागले. रिठदची माणसंही बाजारातून दुसऱ्या रस्त्यानं जाऊ लागली.

ताडपत्री उचलल्याचा आवाज आला की काकू घरात जात. त्यांचं माहेर तुटलं होतं. भावाच्या घरी तेराव्यानंतर त्या गेल्या नाहीत, कारण भावाच्या दाराला लागूनच गजाननाचं दार. त्यांना मी कधी मोकळेपणी रडताना पाहिलं नाही. त्या घरात एक खटला चालू होता, आणि खटला चालू असताना कुणाला रडायची सवड नव्हती. याचा मला फार राग येई. मुलगा मेलाय हो तुमचा, असं काकांना गदागदा हलवून सांगावं असं वाटे.

एकदा मी बोललेच. "काका, हा काटा आधीपासून अडकलेला होता. आसेगावला जाताना मी स्वतः पाहिलाय. गाडी उभी होती आणि काटा चाळीसवर होता."

ते चिडले नाहीत. खाटेवर सरळ बसले. "कोन्त्या महिन्यात पाह्यला?"

"मार्चमध्ये. परीक्षा होत्या."

"अपघात हिवाळ्यातला. मधात कोनी केबल जोडली नसंन कशावरून? काटा मधात सुटला असंन, अन् मंग धक्क्यानं परत अडकला असंन. नसंन कशावरून?"

"नवी केबल तर तिथे खिळ्याला टांगलेली आहे, काका."

त्यांनी मान वळवून खिळ्याकडे पाहिलं. मग म्हणाले, "तुमी आमच्या भाडेकरू. तुमचा हितसंबंध हाये. तुमची साक्ष घेता येत नाही." आणि उठून आत गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी खिळा रिकामा होता. तेव्हा मला कळलं की या माणसाला सगळं माहीत आहे.

गजानन आला तो अपघातानंतरचे दुसरे गौरी-गणपती आटोपल्यावर. काकूंच्या भावानं त्याला ऑटोत घालून आणलं. बहिणीचं माहेर पुन्हा सुरू व्हावं म्हणून त्याची धडपड चालली होती. काकांनी इस्त्रीचा सदरा घातला, मला खुर्ची दिली आणि म्हणाले, "मॅडम पंच." गजानन काठी टेकत आला आणि खाटेच्या कडेवर बसला. तिशीचा माणूस, पण दाढी पांढरी पडत चाललेली. काकू पाणी देऊन दारात उभ्या राहिल्या.

"मामाजी," गजानन काकांना म्हणाला, "मी त्या टायमाले बोललो ते चुकलं. गोपालनं गाडी हळूच चालवली. चाळीसच होता काटा. मीच भेलो होतो. भेलेल्या मानसाले गाडी पळते असंच वाटते."

पाठ केलेली कविता पोरं म्हणतात तसं त्यानं हे एका दमात म्हटलं. काकूंच्या भावानं सुटकेचा श्वास सोडला. मीही सोडला. ज्यासाठी काकांनी दीडदोन वर्षं जिवाचं रान केलं ते शेवटी पदरात पडलं होतं. आता एक "बरं" म्हणायचं, चहा घ्यायचा, की संपलं. पण हा माणूस तरी काय करणार, जन्माची सवय.

"तू कुठी बसला होता?"

"मांगं."

"कोन्या अंगाले?"

"डाव्या. तिचं डोकसं माह्या मांडीवर होतं."

"तिथून तुले काटा दिसला?"

"दिसला न."

"पाहटचा अंधार होता. मीटरमंधला लाइट चालू होता?"

"होता."

"तो लाइट गाडी घेतली तवापासून बंद हाये."

काकूंचा भाऊ कळवळून म्हणाला, "भाऊजी, सोडा न आता! तो सोताच्या तोंडानं म्हणून राह्यला, चाळीस होता म्हणून. अजून काय पाह्यजे तुमाले?"

"म्हणून राह्यला, पन त्याले बोलाले लावलं," काका म्हणाले. "साक्षीदार पढवलेला हाये." आवाजात राग नव्हता. उलट ते एकदम थकल्यासारखे दिसले. उठून त्यांनी गजाननच्या हातातला रिकामा गिलास घेतला आणि मेहुण्याला म्हणाले, "पायानं अधू मानूस हाये, ऑटोत नीट बसवजा."

त्यानंतर ताडपत्री उचलल्याचा आवाज कानावर आला नाही. काका कुणाला काही दाखवत नव्हते, बोलतही नव्हते. दूधवाल्यानं एक दिवस खरोखरच पाणीदार दूध घातलं, तरी त्याला कुणी जाब विचारला नाही. मला ते काही बरं लक्षण वाटेना.

एका सकाळी माझ्या दारावर तीन थापा पडल्या. काका दोन पावलं मागं उभे होते, हातात ती नवी केबल. "मॅडम, जरा पंच म्हनून या."

त्यांनी ताडपत्री पूर्ण ओढून बाजूला टाकली. जमिनीवर पोतं अंथरलं आणि त्या वयात पाठीवर सरकत गाडीखाली शिरले. केबल धरून ठेवणारी खालची चकती पान्ह्यानं सोडवली, मग बाहेर येऊन वरची सोडवली. जुनी तार दोन तुकड्यांत निघाली. कोरडी, गंजलेली. बोटावर गंज चोळत म्हणाले, "ग्रीस नव्हतं. ग्रीस असतं तं तुटली नसती." नवी तार त्यांनी नळीतून काढली, बोटांनी तिला सगळीकडून ग्रीस चोळलं आणि परत आत सरकवली. घाई नव्हती. एवढं काळजीनं काम करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. केबलला कुठे घडी पडू नये म्हणून ऐसपैस बाक देत त्यांनी ती खालून वर आणली. मीटरच्या मागं त्यांचा हात जाईना.

"तुमचा हात बारीक हाये. टोक चौकोनी हाये, चौकोनी भोकात बसते. बसलं का समजंन तुमाले."

मी चेपलेल्या पत्र्यामागून हात घातला. टोक दोनदा निसटलं, तिसऱ्यांदा खट्कन बसलं. चकती आवळली. मग मला कळलं की ते आता काय करणार आहेत.

"काका, काटा हलला तर?"

"हलंन. हलवालेच तं बसवून राह्यलो. तुमी आत बसा अन् काट्याकडे पाहा."

मी गोपालच्या जागेवर बसले. सीटवर काचेचा चुरा अजून होता. ओसरीत काकू शेंगा सोलत होत्या. काका गाडीखाली गेले आणि केबलचं खालचं मोकळं टोक त्यांनी तळव्यात धरून फिरवायला सुरुवात केली. मीटरमध्ये बारीक किरकिर झाली. काटा थरथरला, चाळीसच्या जरासा पुढे गेला आणि एकदम खाली पडला.

"किती?" खालून आवाज आला.

"शून्य."

"पुन्हा पाहा."

"शून्यच आहे, काका."

काकूंच्या शेंगा सोलण्याचा आवाज थांबला होता. काका बाहेर येईनात. गाडीच्या कडेला त्यांची फक्त पावलं दिसत होती. मी त्या सीटवर बसून होते, उतरावं की नाही ते कळत नव्हतं. मला त्या माणसाची तेव्हा फार दया आली, आणि आधीचा सगळा राग कुठे गेला ते समजलंच नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघं बसनं रिठदला गेलो. काकूंना विचारलं, तर त्या म्हणाल्या, "तुमी या जाऊन." गजानन घरीच होता, टिनाच्या सावलीत बसून दोरी वळत होता. त्यानं उठायची धडपड केली, काकांनी हातानंच बस म्हटलं. स्वतः मात्र बसले नाहीत.

"मी सांगाले आलो," काका म्हणाले. "काटा खोटा होता. केबल आधीच तुटली होती. नवी केबल मीच घरी टांगून ठेवली, आज लावू उद्या लावू करत. पोरगा बसवतो म्हणे, त्यालेबी बसवू देल्ली नाही. गाडी किती पळून राह्यली हे त्याले दिसतच नव्हतं. म्हनून दोष माहा हाये. त्याचा नाही. गावात तू हे सांग. मी कबूल करतो."

गजाननानं हातातली दोरी बाजूला ठेवली.

"मामाजी, मले माहीत होतं," तो म्हणाला. "त्यानं निंगतानाच सांगतलं. म्हणे, गजूभाऊ, काटा बंद हाये, मले अंदाज येत नाही. जास्त झाली तं मांगून सांगजो."

"मंग?"

"मी उलटं सांगतलं. ती बोंबलून राह्यली होती, मामाजी. माहा हात चावला तिनं. मी म्हणलं, पळव गोपाल. तो पळवे तं मी म्हणो, अजून पळव. हळू कर म्हनून मी एकदाबी म्हणलो नाही. पोलिसापुढं तोंडातून उलटं निंगालं. मंग गावानं तेच धरलं, अन् मले मागं घेता आलं नाही. बायकोले मीच मारलं हे कोन्या तोंडानं सांगू?"

काका त्याच्याकडे पाहत होते. "किती पळत असंन?"

"काय माहीत. झाडं दिसत नव्हते."

काकांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला का? नाही. पण शिवीही दिली नाही. ते वळले आणि फाट्याकडे चालू लागले. परतीच्या बसमध्ये त्यांनी पुढच्या सीटचा दांडा दोन्ही हातांनी धरून ठेवला होता. तो नाल्याचा पूल आला तेव्हा त्यांनी खिडकीबाहेर पाहिलं नाही. मीच पाहिलं. कठड्याला नवं सिमेंट लावलेलं होतं.

घरी पोचलो तेव्हा काकू ओसरीत उभ्याच होत्या. काका खाटेवर बसले. त्यांनी काकूंना सगळं सांगितलं, गजानन काय म्हणाला ते, गोपाल काय म्हणाला होता ते. कोर्टाचा एकही शब्द त्यांच्या बोलण्यात नव्हता. शेवटी मान खाली घालून, स्वतःच गुन्हा केल्यासारखे म्हणाले, "जोरातच चालवून राह्यला होता तो. लय जोरात. मी इतके दिवस लोकाईले उगाच..." पुढे त्यांना बोलवेना.

काकू त्यांच्या अगदी समोर जाऊन उभ्या राहिल्या. डोळ्यांतून पाणी वाहत होतं, पण ते पुसायचं त्यांना भान नव्हतं.

"मंग काय हळू चालवन?" त्या म्हणाल्या. "दोन वर्षं झाले, मी आयकून राह्यली. येनाऱ्या-जानाऱ्याले तुमी सांगून राह्यले, का चाळीसनं चालला होता म्हनून. अडलेली बाई गाडीत घेऊन चाळीसनं! असा होता का हो माहा गोपाल?"